नाव वेगळं, फाइल वेगळी: युनिक्समध्ये फायली आणि डिरेक्टऱ्या हाताळायला शिकताना

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर नवा होतो तेव्हाची गोष्ट. तीन पत्रं ‘जुनं’ नावाच्या डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, हलवायची होती. एकेक करून तीनदा एमव्ही ही हलवायची कमांड चालवली. तिन्ही वेळा टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) गप्प, म्हणजे काम झालं. नंतर ‘जुनं’ उघडायला गेलो तर ती डिरेक्टरी नव्हतीच. त्या नावाची एक फाइल होती आणि तिच्यात तिसऱ्या पत्राचा मजकूर. पहिली दोन पत्रं कुठेही नव्हती. मी सांगितलं होतं तेच यंत्राने केलं होतं; आपण काय सांगतोय हे मलाच माहीत नव्हतं.

फायली हाताळायच्या कमांड मोजून दहा-बारा. त्या पाठ व्हायला एक दुपार पुरते. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात बसवा, म्हणजे पाठांतर निम्म्यावर येईल. युनिक्समध्ये डिरेक्टरी म्हणजे नावांची वही. वहीत प्रत्येक नावासमोर एक क्रमांक असतो, त्याला इनोड क्रमांक म्हणतात. फाइलचा आकार, मालक, परवानग्या, वेळा, मजकूर डिस्कवर कुठे आहे, हे सगळं त्या इनोडमध्ये असतं. नाव मात्र तिथे नसतं. ते फक्त वहीत. पुढच्या बहुतेक कमांड वहीत नाव लिहितात, बदलतात किंवा खोडतात, एवढंच.

आता लिहिण्याची रीत. फोनवर कुणाला कमांड सांगताना आपण एकेक अक्षर उच्चारतो, तशाच त्या इथे लिहिल्या आहेत. ‘एलएस’ दिसलं की कीबोर्डवरची एल आणि एस ही रोमन अक्षरं टाइप करायची, तीही लहान. युनिक्सला मोठं अक्षर आणि लहान अक्षर निरनिराळी वाटतात. एको, कॅट, टच, लेस, हेड, टेल, फाइंड, मॅन हे मात्र अख्खे इंग्रजी शब्द आहेत, ते त्यांच्या स्पेलिंगने टाइप करायचे. वजाचिन्ह, तिरकी रेघ, टिंब, तारा ही चिन्हं जशीच्या तशी. फायलींची नावं मात्र मुद्दाम मराठी ठेवली आहेत आणि ती खरोखर तशी देता येतात. एकच मर्यादा लक्षात असू द्या: लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टीमवर (डिस्कवर फायली मांडायच्या व्यवस्थेवर) नाव २५५ बाइटांपर्यंत चालतं आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. ‘मराठी’ हे नाव १५ बाइटांचं. म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हं. लांबलचक शीर्षकं फाइलनावात कोंबणाऱ्यांना ही अडचण खरंच येते. रोजच्या कामात कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा म्हणून बहुतेक जण रोमन नावंच ठेवतात, मीही.

लिनक्स आणि मॅक ही दोन्ही युनिक्सच्याच घराण्यातली. टर्मिनल त्यांच्यावर आधीपासून असतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल ही मायक्रोसॉफ्टची सोय बसवली की तिच्यात लिनक्सचं शेल मिळतं. शेल म्हणजे तुम्ही टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम.

मी कुठे आहे?

टर्मिनल उघडल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा. त्यासाठी पीडब्ल्यूडी. ते तुम्ही उभे असलेल्या डिरेक्टरीचा पूर्ण पत्ता छापतं. पत्त्याची सुरुवात / या एकट्या रेघेने होते. ती सगळ्या झाडाची मुळी. तिथून खाली प्रत्येक डिरेक्टरीच्या नावानंतर पुन्हा एक रेघ.

सरावासाठी एक वेगळी जागा करून घेऊ, म्हणजे काही बिघडलं तरी तिथल्या तिथे राहील:

    सीडी
    एमकेडिर सराव
    सीडी सराव
    पीडब्ल्यूडी

नुसतं सीडी तुम्हाला स्वतःच्या घरी, म्हणजे होम डिरेक्टरीत नेऊन सोडतं. एमकेडिर, अक्षरं एम, के, डी, आय, आर, नवी डिरेक्टरी बनवतं. एकात एक अशा अनेक डिरेक्टऱ्या एकदम हव्या असतील तर ‘एमकेडिर -पी वर्ष/महिना/आठवडा’ म्हणा. मधली डिरेक्टरी नसेल तर तीही तयार होते.

पत्ता दोन तऱ्हांनी सांगता येतो. / ने सुरू होणारा पत्ता कुठूनही एकच अर्थ देतो. तसा नसेल तर तो तुम्ही उभे आहात तिथून मोजला जातो. एक टिंब म्हणजे ही डिरेक्टरी, दोन टिंबं म्हणजे हिच्या वरची, ~ म्हणजे घर. ‘सीडी ..’ ने एक पायरी वर जाता येतं. आणि ‘सीडी -’ ने आधी होतो तिथे परत. ही शेवटची सोय कुणी सांगत नाही, पण दोन लांबच्या डिरेक्टऱ्यांमध्ये येरझाऱ्या घालताना तीच हात वाचवते.

नावं पूर्ण टाइप करू नका. पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा, उरलेलं शेल भरतं. यात वेळ वाचतोच, शिवाय टॅबने नाव भरलं नाही तर ते नाव तिथे नाही किंवा तशी सुरुवात असलेली नावं अनेक आहेत, हे एंटर दाबण्याआधीच कळतं. माझी ती दोन पत्रं टॅबच्या सवयीने वाचली असती.

सीडीबद्दल एक गंमत. इथल्या बहुतेक कमांड स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालतात, सीडी मात्र शेलच्या पोटातच असावी लागते. स्वतंत्र प्रोग्रामने स्वतःची जागा बदलली तरी तो संपल्यावर शेल जिथल्या तिथेच राहणार. १९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक कमांडसाठी नवी प्रोसेस (वेगळा चालणारा प्रोग्राम) काढायची पद्धत आल्याबरोबर ही कमांड चालेनाशी झाली आणि तिला शेलमध्ये घ्यावं लागलं, असं रिची यांनीच नोंदवून ठेवलंय.

इथे काय आहे?

एलएस यादी दाखवतं. नुसतं एलएस फक्त नावं देतं. ‘एलएस -एल’ प्रत्येक नावासमोर इनोडमधली माहितीही मांडतं, आणि ही ओळ वाचता यायलाच हवी. पहिलं चिन्ह जातीचं: वजाचिन्ह म्हणजे साधी फाइल, डी म्हणजे डिरेक्टरी, एल म्हणजे सिम्बॉलिक लिंक (ती पुढे येते). त्यानंतर तीन-तीनच्या तीन गटांत परवानग्या. मग एक आकडा, ज्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. त्यावर पुढे येतो. मग मालक, गट, बाइटांतला आकार, शेवटच्या बदलाची वेळ आणि नाव. आकार माणसाला कळेल असा हवा तर -एलएच द्या.

टिंबाने सुरू होणारी नावं एलएस दाखवत नाही. ती बघायला -ए. बेल लॅब्समध्येच युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी सांगितल्याप्रमाणे ही सोय कुणी आखलेली नव्हती. यादीत . आणि .. दिसू नयेत म्हणून एलएसमध्ये ‘पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे’ अशी सोपी तपासणी टाकली गेली आणि तिच्यामुळे टिंबाने सुरू होणारी सगळीच नावं लपली. आज घराघरातल्या होम डिरेक्टरीत दडलेल्या सेटिंग्जच्या फायली ही त्या आळसाची वंशावळ.

पत्रं बनवू आणि तीच चूक पुन्हा करू

    एको पहिलं > पत्र१
    एको दुसरं > पत्र२
    एको तिसरं > पत्र३

एको दिलेले शब्द छापतं आणि > ते पडद्याऐवजी फाइलमध्ये वळवतं. फाइल आधीपासून असेल तर तिचा जुना मजकूर न विचारता पुसला जातो. भर घालायची असेल तर >> वापरा. नुसती रिकामी फाइल हवी असेल तर ‘टच नाव’. नावाला एक्स्टेन्शन दिलंच पाहिजे असं नाही; टिंब आणि पुढची अक्षरं हा शेलच्या लेखी नावाचाच भाग.

आता ‘जुनं’ नावाची डिरेक्टरी नसताना हे चालवा:

    एमव्ही पत्र१ जुनं
    एमव्ही पत्र२ जुनं
    एमव्ही पत्र३ जुनं
    कॅट जुनं

कॅट फाइलचा मजकूर दाखवतं. पडद्यावर येईल ‘तिसरं’. एमव्हीचा आणि नक्कल करणाऱ्या सीपीचाही नियम एकच आहे: शेवटचं नाव आधीपासून असलेल्या डिरेक्टरीचं असेल तर वस्तू तिच्या आत जाते, नसेल तर ते त्या वस्तूचं नवं नाव ठरतं. ‘जुनं’ नव्हतं, म्हणून पत्र१ चं नाव ‘जुनं’ झालं. मग पत्र२ ला तेच नाव मिळालं आणि वहीत त्या नावासमोरचा पत्र१ चा क्रमांक खोडला गेला. तिसऱ्या वेळी पत्र२ ची तीच गत.

यावर उपाय एका रेघेचा. ‘एमव्ही पत्र१ जुनं/’ असं लिहा. शेवटच्या तिरक्या रेघेचा अर्थ ‘ही डिरेक्टरीच आहे’. तशी डिरेक्टरी नसेल तर एमव्ही तक्रार करून थांबतं आणि पत्र जागच्या जागी राहतं. याशिवाय -आय दिलं तर आधीच्या फाइलवर लिहिण्यापूर्वी ते विचारतं. -एन दिलं तर लिहीतच नाही.

आरएम जुनं म्हणून ती फाइल काढून टाका, एमकेडिर जुनं म्हणून खरी डिरेक्टरी करा, पत्रं पुन्हा बनवा आणि या वेळी रेघेसकट हलवून बघा. मग ‘एमव्ही जुनं/पत्र१ .’ म्हणून एक परत आणा. शेवटचं ते टिंब म्हणजे ‘इथे’.

सीपीचं वेगळं सांगण्यासारखं थोडंच. अख्खी डिरेक्टरी न्यायची तर -आर लागतं. वेळा, परवानग्या वगैरे जशाच्या तशा ठेवायच्या असतील तर -ए. मॅकवर -आरसोबत मूळ डिरेक्टरीच्या नावापुढे / राहिली, आणि टॅबने भरलेल्या नावाला ती कधीकधी चिकटून राहते, तर डिरेक्टरीऐवजी तिच्या आतला माल नव्या जागी सांडतो. लिनक्सवर असं होत नाही. दोन्हीकडे काम करणाऱ्याने ती रेघ खोडायची सवय ठेवावी.

क्रमांक डोळ्यांनी बघा

आता तो वहीचा प्रकार प्रत्यक्ष बघू. ‘एलएस -आय’ नावांच्या डावीकडे इनोड क्रमांक दाखवतं. पत्र१ चा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. मग:

    एमव्ही पत्र१ चिठ्ठी
    सीपी चिठ्ठी नक्कल
    एलएन चिठ्ठी टोपणनाव
    एलएस -आय

चिठ्ठीचा क्रमांक पत्र१ चाच आहे. एमव्हीने फक्त नाव बदललं. नक्कलचा क्रमांक वेगळा, कारण ती खरीच दुसरी फाइल. आणि टोपणनावाचा क्रमांक पुन्हा तोच. एलएनने त्याच फाइलला दुसरं नाव दिलं, ज्याला हार्ड लिंक म्हणतात. यातलं मूळ कोणतं आणि लिंक कोणती हा प्रश्नच उरत नाही, दोन्ही नावं सारख्याच हक्काची. ‘एको चौथं >> टोपणनाव’ करून ‘कॅट चिठ्ठी’ बघा. आता एलएस -एलमधला तो दुर्लक्षित आकडा: या दोघांसमोर २ दिसेल. तो त्या फाइलच्या नावांचा आकडा. ईएक्सटी४ वर नव्या रिकाम्या डिरेक्टरीसमोरही २ दिसतो: एक नाव वरच्या वहीत, दुसरं तिच्या स्वतःच्या आतलं टिंब.

एवढं कळलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. चार जीबीची फाइल एमव्हीने क्षणात का हलते? वहीतली ओळ बदलली, मजकूर जागचा हललाच नाही. तीच फाइल पेनड्राइव्हवर न्यायला वेळ का लागतो? दुसऱ्या फाइलसिस्टीमचे इनोड वेगळे, म्हणून एमव्हीला आधी नक्कल करून मग मूळ नाव खोडावं लागतं. याच कारणाने हार्ड लिंकही एका फाइलसिस्टीमच्या बाहेर जात नाही. तिथे ‘एलएन -एस’ वापरतात. ही सिम्बॉलिक लिंक म्हणजे आत पत्ता लिहिलेली चिठोरी. पत्त्यावरची फाइल हलली की लिंक लटकते, आणि पत्ता / ने सुरू होत नसेल तर तो लिंक जिथे ठेवली तिथून मोजला जातो, तुम्ही उभे होता तिथून नाही. सिम्बॉलिक लिंक करताना नव्याचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

नाव खोडणं

आरएम फाइल पुसतं असं आपण म्हणतो, पण ते नाव खोडतं. आत जी सिस्टीम कॉल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टीमला केलेली विनंती) चालते तिचं नावच ‘अनलिंक’ आहे. शेवटचं नाव खोडलं गेलं आणि ती फाइल कुठल्याही चालू प्रोग्रामने उघडलेली नसली, तरच जागा मोकळी होते. ‘आरएम चिठ्ठी’ करा, टोपणनाव शाबूत राहतं. डिस्क भरली म्हणून मोठी लॉग फाइल काढली तरी जागा वाढली नाही, ही तक्रार याच कारणाने होते: लिहिणारा प्रोग्राम ती धरून बसलेला असतो. तो बंद केला की जागा सुटते.

कचरापेटी नाही, परतीचा रस्ता नाही. म्हणून आरएमआधी शेलची एक खोड ओळखून घ्या. *, ? ही चिन्हं सहसा कमांडपर्यंत पोचतच नाहीत. शेल त्यांच्या जागी जुळणारी नावं भरतं आणि मगच कमांड चालवतं. * म्हणजे कितीही चिन्हं, ? म्हणजे नेमकं एक. देवनागरीत हे ‘एक’ फसवं आहे: ‘की’ हे आपल्याला एक अक्षर, शेलला क आणि वेलांटी अशी दोन चिन्हं, तिथे ?? लागतं.

आता हे दोन नीट वाचा:

    आरएम *.जुनं
    आरएम * .जुनं

पहिल्यात .जुनं ने संपणारी नावं जातात. दुसऱ्यात एक मोकळी जागा जास्त पडलीय, त्यामुळे या डिरेक्टरीतल्या, टिंबाने सुरू न होणाऱ्या सगळ्या साध्या फायली जातात. त्यानंतर ‘.जुनं’ नावाची फाइल सापडली नाही अशी सौजन्याची तक्रारही येते. मी आजही तारा असलेली आरएम चालवण्याआधी आरएमच्या जागी एको लिहून बघतो. ‘एको *.जुनं’ जी नावं छापेल तीच जाणार असतात. पटली, तर वरच्या बाणाने तीच ओळ परत आणायची आणि एकोच्या जागी आरएम लिहायचं. ओळ पुन्हा टाइप करायची नाही.

रिकामी डिरेक्टरी काढायला आरएमडिर. आत काही असेल तर ते नकार देतं, आणि तो नकार कामाचा आहे. भरलेली काढायला ‘आरएम -आर’. त्याला -एफ जोडायची घाई नको. -एफ म्हणजे ‘विचारू नको, कुरकुर करू नको’. शिकताना -आरआय वापरा, प्रत्येक वस्तूला विचारेल. नाव वजाचिन्हाने सुरू होत असेल तर कमांडला तो -एल, -आर यांसारखा पर्याय वाटतो, म्हणून पुढे ./ लावा. नावात मोकळी जागा असेल तर नाव अवतरणचिन्हांत घाला.

परवानगी कशाची लागते

वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. मालक, गट, इतर, प्रत्येकाची बेरीज, म्हणून ६४४ म्हणजे मालकाने वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी फक्त वाचावं. ‘सीएचमॉड ६४४ नक्कल’ असं लिहायचं, अक्षरं सी, एच, एम, ओ, डी. इथे आकडे रोमन कळांनीच टाइप करा, देवनागरी आकडे ही कमांड ओळखत नाही. डिरेक्टरीला साधारण ७५५ असतं. डिरेक्टरीवर ‘चालवणं’ याचा अर्थ आत शिरता येणं.

इथे लोक चकतात ते असं. ‘सीएचमॉड ४४४ नक्कल’ करून फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवली, तरी ती आरएमने जाते. आरएम एकदा विचारतं, हो म्हटलं की गेली. कारण नाव खोडणं म्हणजे वहीत लिहिणं, आणि त्याला परवानगी डिरेक्टरीची लागते. फाइल कुणी काढू नये असं वाटत असेल तर तिच्या डिरेक्टरीवरची लिहिण्याची परवानगी काढा.

उरलेल्या कमांड भराभर. मोठी फाइल वाचायला लेस, बाहेर पडायला क्यू. सुरुवातीच्या दहा ओळींना हेड, शेवटच्या दहांना टेल. डिरेक्टरीने किती जागा खाल्ली ते ‘डीयू -एसएच नाव’, डिस्कवर किती उरली ते ‘डीएफ -एच’. फाइल हरवली तर:

    फाइंड . -नेम '*पत्र*'

-नेम म्हणजे एन, ए, एम, ई. अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर तारा फाइंडकडे जायच्या आत शेल खाऊन टाकेल. फाइंडला -डिलीटही देता येतं, पण आधी त्याशिवाय चालवून यादी वाचा आणि ते ओळीच्या शेवटीच लिहा. आधी लिहिलं तर नाव जुळण्याची वाट न बघता ते समोर येईल ते काढतं. कोणत्याही कमांडचे पर्याय बघायला ‘मॅन एलएस’, ‘मॅन सीपी’. तिथूनही क्यूने बाहेर.

आता सराव डिरेक्टरी आवरा. तिच्या आत उभे राहूनच एकदा ‘आरएम -आर ../सराव’ करून बघा, अर्थात आधी पीडब्ल्यूडीने आपण तिथेच आहोत ना हे पाहून. लिनक्सवर नाव खोडलं जातं, पण तुम्ही आतच असता. पीडब्ल्यूडी अजून जुनाच पत्ता सांगेल, कारण शेलला तो आठवतोय. एलएस काहीच दाखवणार नाही. ‘टच नवं’ केलं तर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, म्हणजे अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही, कारण नाव लिहायला वहीच राहिलेली नाही. सीडी टाइप करा, एंटर दाबा, घरी या.